खेळता खेळता इंग्रजी : जपानी मुलांच्या वर्गातून आपल्या अंगणात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपले ज्येष्ठ सभासद व निवृत्त बँक अधिकारी आहेत.)



रौप्यमहोत्सव म्हटला की जुन्या आठवणी निघतात. प्लॉट कसे पाडले, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, पहिला रस्ता कधी झाला, हे सगळं अध्यक्षांनी सविस्तर सांगितलंच आहे. सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, तुम्ही बचतीवर बोला." मी म्हटलं, बचतीवर मी सगळी नोकरीभर बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खात्यातले पैसे काढून नेले! तेव्हा आज जरा वेगळा विषय घेतो. विषय आहे, मुलांना खेळातून इंग्रजी कसं शिकवावं. आणि उदाहरण घेणार आहे जपानचं.

एक योगायोग आधी सांगतो. आपली सोसायटी स्थापन झाली २००० साली. त्याच वर्षीच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमच्या पिढीला इंग्रजी भेटलं ते पाचवी-आठवीत, आणि तेही छडी हातात घेऊन! २००० साली पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. म्हणजे सोसायटी आणि पहिलीचं इंग्रजी, दोघंही पंचवीस वर्षांचे झाले. सोसायटीचा हिशेब आपण दरवर्षी वार्षिक सभेत मांडतो. त्या इंग्रजीचा हिशेब कोणी मांडायचा?

मी एक नोंद सांगतो. आपल्याच परिसरातला एक मुलगा. दहावी-बारावीला उत्तम गुण, गणितात तर पहिल्या रांगेतला. इंजिनिअरिंगला शहरात गेला आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत परत आला. घरचे म्हणायचे, होस्टेलचं जेवण मानवलं नाही. पुढे एकदा तो माझ्याकडे कर्जाच्या फॉर्मवर सल्ला घ्यायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "काका, शिकवलेलं कळत होतं. पण एखादी गोष्ट कळली नाही तर विचारायचं कसं? उभं राहून इंग्रजीत विचारलं आणि चुकलं तर सगळा वर्ग हसेल. म्हणून विचारलंच नाही. मग साचत गेलं." विचार करा मंडळी. त्या मुलाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पेपरात त्याने निबंध लिहिले होते. त्याचं अडलं ते तोंड उघडण्यापाशी. बँकेच्या मुलाखतींतही मी हेच पाहिलं. हिशेबात पक्की असलेली, ग्रामीण भागातली मुलं इंग्रजीतला पहिला प्रश्न आला की मान खाली घालत. उत्तर माहीत असायचं, पण भीती मध्ये यायची.

आता तुम्ही म्हणाल, यात जपान कुठून आलं?

आमची धाकटी मुलगी आणि जावई तोक्योला असतात. एदोगावा म्हणून तिथला एक विभाग आहे. निशिकासाई स्टेशनच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे. मूळचे आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावातून नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. तर आमची मुलगी तिथे घराजवळच्या एका लहानशा वर्गात जपानी मुलांना इंग्रजी शिकवते. मी आणि आमच्या सौ. दोनदा तिकडे राहून आलो. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, घरात बसून कंटाळलात तर माझ्या वर्गात मागे येऊन बसा." मी बसू लागलो, आणि मग रोजच बसू लागलो.

पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढा पुढारलेला देश, इथली मुलं इंग्रजी फाडफाड बोलत असतील. तर छे! प्रश्न विचारला की मूल शेजारच्याकडे बघायचं, शेजारचं पायाकडे बघायचं. मला थेट आपल्या जिल्हा परिषदेची शाळा आठवली. जपानीत एक म्हण आहे, वर आलेल्या खुंट्यावर हातोडा पडतो. आपल्याकडे म्हण नसेल तशी, पण "चार लोक काय म्हणतील" हे वाक्य आहे, आणि त्याचं वजन हातोड्याइतकंच आहे.

दुसरं म्हणजे, जपानी भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. त्यांची मुळाक्षरं म्हणताना मुलं म्हणतात, आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना. हा क्रम त्यांच्याकडे संस्कृत वर्णमालेवरून, बौद्ध भिक्खूंच्या अभ्यासातून आला आहे. वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. आपण "आंबा खातो" म्हणतो, इंग्रज "खातो आंबा" म्हणतो. जपानी माणूस आपल्या बाजूने आहे. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी "का" लावायचा! "येता का?" याला ते म्हणतात "किमास का?" इंग्रजीतले "अ" आणि "द" त्यांच्याकडेही नाहीत, आपल्याकडेही नाहीत. म्हणजे इंग्रजी शिकताना जी चढण त्यांना लागते, तीच बरीचशी आपल्याला लागते. म्हणून त्यांचे उपाय आपल्याला लागू पडतात.

आणि हे उपाय कालपरवाचे नाहीत. १९२२ साली हॅरल्ड पामर नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ जपान सरकारच्या बोलावण्यावरून तोक्योला गेले आणि चौदा वर्षं राहिले. आधी ऐकणं-बोलणं, मग वाचणं-लिहिणं, असा त्यांचा आग्रह. १९२५ साली त्यांनी मुलीच्या सोबतीने एक पुस्तक काढलं, त्याचं नावच "इंग्लिश थ्रू ॲक्शन्स", म्हणजे कृतीतून इंग्रजी. त्यांच्यासोबत काम करणारे दुसरे शिक्षक ए. एस. हॉर्नबी. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ऑक्सफर्डची जाडजूड विद्यार्थी डिक्शनरी आहे, तिच्यावर हॉर्नबींचं नाव पाहिलं असेल. ती डिक्शनरी मुळात तयार झाली जपानी विद्यार्थ्यांसाठी आणि १९४२ साली प्रथम छापली गेली तोक्योत! ऑक्सफर्डने ती नंतर, १९४८ मध्ये काढली. म्हणजे आपली मुलं जी डिक्शनरी वापरतात, तिचं माहेर जपान.

पुढे १९८७ पासून जपानने परदेशी तरुण-तरुणींना शाळांत सहायक शिक्षक म्हणून बोलवायला सुरुवात केली. २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीचे "उपक्रम" सक्तीचे झाले. पुस्तक नव्हे, परीक्षा नव्हे, उपक्रम! २०२० पासून हे उपक्रम तिसरी-चौथीला खाली आले आणि पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला. म्हणजे आधी खेळ, मग विषय, असा क्रम त्यांनी धरला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मागच्या बाकावर बसून मी जे खेळ पाहिले, ते सांगतो. एकेका खेळाला पाच-दहा मिनिटं पुरतात. वही सोबत नेली होती. बँकेतली सवय, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला खेळ दगड-कात्री-कागदाचा. तिकडे त्याला "जानकेन" म्हणतात. आपली मुलं राज्य कोणावर ते ठरवायला सुटतात ना, तसं तिथे लहानथोर सगळे जानकेन करतात. वर्गात काय करायचं, तर जमिनीवर एका ओळीत दहा-बारा चित्रांची कार्डं मांडायची. दोन गट दोन टोकांना. शिट्टी वाजली की दोन्हीकडून एकेक मूल निघतं. प्रत्येक कार्डापाशी त्याचं इंग्रजी नाव मोठ्याने म्हणायचं आणि पुढे सरकायचं. दोघं समोरासमोर आले की जानकेन. जो हरला तो मागे आपल्या गटात, त्याच्या जागी दुसरा निघतो. जिंकलेला पुढे चालत राहतो. समोरचं टोक गाठलं की गुण. यातली खुबी मला दोन दिवसांनी लक्षात आली. इथे जिंकणं-हरणं हे इंग्रजीवर नाही, नशिबावर आहे. वर्गातला हुशार मुलगाही हरतो आणि बुजरी मुलगी जिंकते. हरण्याची लाज कोणालाच वाटत नाही, पण प्रत्येकाच्या तोंडून ते दहा शब्द वीस वेळा निघून जातात.

दुसरा खेळ "कारुता". हा शब्द पोर्तुगीज खलाशांच्या पत्त्यांवरून तिकडे रुजला. नवीन वर्षाला जपानी कुटुंबं हा खेळ खेळतात. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी समोर पसरलेल्या कार्डांतलं नेमकं कार्ड झडप घालून उचलायचं. इंग्रजीच्या वर्गात आधी नुसतं नाव सांगतात, "बनाना!" की हात पडले. आठवड्याने नाव सांगायचं नाही, वर्णन करायचं. "इट इज यलो. मंकीज लाइक इट." आता मुलांना पूर्ण वाक्य ऐकावंच लागतं, नाहीतर दुसरा कार्ड पळवतो. आपल्याकडे ही कार्डं आपल्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंची करावीत. ऊस, बैलगाडी, भाकरी, विळा, कापसाचं बोंड, मोसंबी. "इट इज टॉल. इट इज स्वीट. वुई मेक शुगर फ्रॉम इट." अंकुशनगरचं कोणतं पोर चुकेल सांगा! कारखान्याच्या सावलीत वाढलेलं मूल उसावर झडप घालणारच.

तिसरा खेळ म्हणजे आपल्या भेंड्याच. त्यांना ते "शिरितोरी" म्हणतात, म्हणजे शेपूट पकडणं. शब्दाचा शेवटचा आवाज घेऊन पुढचा शब्द. गंमत अशी की ज्याचा शब्द नुसत्या "न्" वर संपला तो हरला, कारण त्या आवाजाने जपानीत शब्दच सुरू होत नाही. आपल्याकडे "ण" आणि "ळ" आले की भांडणं होतात, तसंच! इंग्रजीत हे शेवटच्या अक्षरावर खेळतात. कॅट, टेबल, एग, गोट. म्हणजे स्पेलिंग डोक्यात असावं लागतं. टेबल ऐकू येतं "ल"वर, पण संपतं "ई"वर. "बॉक्स" म्हणून समोरच्याला "एक्स"वर अडकवायचं, हा तिथल्या पोरांचा आवडता डाव. स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून पाठ करण्यापेक्षा हे बरं नाही का?

चौथा खेळ "फ्रूट बास्केट". हा मला सर्वांत आवडला. गोलात खुर्च्या, मुलांपेक्षा एक कमी. प्रत्येकाला एका फळाचं नाव. मधल्या मुलाने "मँगो" म्हटलं की सगळ्या आंब्यांनी उठून जागा बदलायची, तेवढ्यात मधल्याने खुर्ची पकडायची. "फ्रूट बास्केट" म्हटलं की सगळेच उठतात आणि धमाल उडते. पुढच्या पायरीला फळं नाहीत, वाक्य करायचं. "चेंज, इफ यू हॅव अ ब्रदर." "चेंज, इफ यू लाइक आइस्क्रीम." मूल वाक्य बनवतं ते मार्कांसाठी नाही, खुर्ची मिळवण्यासाठी. आणि आपल्या संगीत खुर्चीशी तुलना करून पाहा. संगीत खुर्चीत जो कच्चा तो आधी बाद होतो आणि उरलेला सगळा वेळ बाहेर बसून बघत राहतो. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण सर्वांत आधी बाहेर काढतो! फ्रूट बास्केटमध्ये कोणी बाद होत नाही. उलट ज्याची खुर्ची गेली त्यालाच बोलायची पाळी मिळते.

पाचवा खेळ तुम्हा सर्वांना येतो. आपण "शिवाजी म्हणतो, उभे राहा" म्हणतो, जपानी मुलं "कप्तानाचा हुकूम" म्हणून खेळतात, इंग्रज "सायमन सेज" म्हणतात. "स्टँड अप, टर्न अराउंड, टच युअर नोज." यात मुलाला बोलावं लागत नाही, फक्त ऐकून करायचं. हे फार महत्त्वाचं आहे. तान्हं बाळ आधी वर्षभर ऐकतं, "ये", "बस", "टाळ्या वाजव" कळून तसं करतं, मग बोलतं. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक पद्धतच उभी केली. विशेष म्हणजे १९६०च्या दशकात त्यांनी जे सुरुवातीचे प्रयोग केले, त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांना जपानी शिकवलं! "उभे राहा, चाला, उडी मारा" असे जपानी हुकूम ऐकायचे आणि अंगाने करायचे. अंगात बसलेलं लवकर विसरत नाही, हे आपल्या सायकल शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बुजऱ्या मुलाला आधी अशा खेळात घ्यावं, बोलायची सक्ती नंतर.

सहावा खेळ उच्चारांचा. जपानीत "र" आणि "ल" वेगळे नाहीत, त्यामुळे "राइट" आणि "लाइट" त्यांना सारखंच ऐकू येतं. शब्दाच्या शेवटी आणि जोडाक्षरांत ते स्वर घालतात. मिल्कचं "मिरुकु", हॉटेलचं "होतेरु", स्ट्रॉबेरीचं "सु-तो-रो-बे-री-इ". हसू नका मंडळी, आपणही फिल्मचं "फिलीम" आणि स्टेशनचं "टेसन" केलंच आहे. मुलगी टाळ्यांचा खेळ घेते. स्ट्रॉबेरीला जपानी पद्धतीने सहा टाळ्या पडतात, इंग्रजीत तीनच. मुलं आधी सहा वाजवतात, मग तीन, आणि टाळ्या वाजवता वाजवता जीभ आपोआप वळते. मग भिंतींचा खेळ. डावी भिंत "राइट", उजवी भिंत "लाइट". शब्द ऐकायचा आणि त्या भिंतीकडे पळायचं. आपल्या मुलांसाठी शब्द वेगळे घ्यावे लागतील. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन देवनागरीत आपण सारखंच लिहितो, इंग्रजीत दोन्हींचा उच्चार निराळा. तसंच फाटकाचं गेट आणि मिळण्याचं गेट. "व्ही" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, "डब्ल्यू" म्हणताना ओठांचा चंबू होतो. एक आरसा मुलांच्या हाती द्या, दहा मिनिटांत कळेल.

सातवा खेळ मी स्वतः सुचवला, तेवढी फुशारकी मारू द्या. बँकेचा काउंटर! दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे पासबुक, त्यात काही आकडे गाळलेले. दुसऱ्याकडे त्याच पासबुकाची प्रत, तिच्यात वेगळे आकडे गाळलेले. एकमेकांचं बघायचं नाही, फक्त विचारायचं. "हाऊ मच ऑन द फिफ्थ ऑफ जून?" "थर्टीन हंड्रेड." "थर्टीन ऑर थर्टी?" शेवटी दोन्ही पासबुकं जुळली पाहिजेत. एक रुपयाचा फरक आला तरी पुन्हा विचारायचं. असे खेळ भाषेच्या वर्गांत पूर्वीपासून आहेतच. एकाकडे जी माहिती आहे ती दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. जपानी मुलांनी माझं पासबुक असं काही मन लावून जुळवलं की आमच्या शाखेतल्या दिवसअखेरीची आठवण झाली!

हे खेळ घेताना मुलगी चार गोष्टी पाळते. त्या खेळांइतक्याच मोलाच्या आहेत. एक, चूक झाली की ती "चुकलं" म्हणत नाही. मूल म्हणालं, "ही गो स्कूल," तर ती म्हणते, "येस, ही गोज टू स्कूल," आणि खेळ पुढे चालू. बरोबर वाक्य कानावर पडतं, पण कोणी उघडं पडत नाही. दोन, हसणाऱ्यावर ती पाळी देते. जो दुसऱ्याला हसला, पुढचं वाक्य त्याचं. दोन आठवड्यांत हसणं बंद! तीन, खेळ रंगात असतानाच थांबवायचा, म्हणजे मुलं पुढच्या वेळी स्वतःहून मागतात. चार, नियम मुलांच्याच भाषेत समजावायचे. नियम कळले नाहीत तर खेळही नाही आणि इंग्रजीही नाही. मातृभाषेला दाराबाहेर उभं करून दुसरी भाषा घरात येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. नुसत्या खेळाने इंग्रजी येत नाही. खेळाने भीती जाते आणि कान-तोंड मोकळं होतं. पुढे वाचन लागतं, लिहिणं लागतं, व्याकरणही लागतं. जपानचंच पाहा. प्राथमिक शाळेत हसतखेळत इंग्रजी बोलणारी मुलं वरच्या वर्गांत प्रवेश-परीक्षांच्या तयारीला लागली की पुन्हा गप्प होतात, अशी खंत तिथले पालकही बोलून दाखवतात. आपल्याकडे वेगळं काय घडतं? पहिलीत बडबडगीतं आणि टाळ्या, आठवीत गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच. मधली वाट कुठेतरी हरवते. म्हणून हे खेळ लहानांपुरते ठेवू नयेत. भिंतींचा, पासबुकाचा, वर्णनाच्या कार्डांचा खेळ आठवी-नववीची मुलंही आनंदाने खेळतील. फक्त शब्द त्यांच्या वयाचे द्या.

कोणी म्हणेल, हे सगळं तोक्योत ठीक, आपल्या मराठवाड्यात कोण करणार? तर मंडळी, इथून जवळच, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडिवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकाल? बरीच मुलं म्हणाली, जपानी! का, तर रोबो आणि यंत्रं तिकडे बनतात. शाळेने खरंच जपानी शिकवायला सुरुवात केली, पुढे ऑनलाइन तासही झाले, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. खेड्यातली मुलं जपानी बोलू शकतात, तर इंग्रजीला घाबरायचं कारण काय? मुलांकडे हिंमत असते, ती आपण टिकवायची असते.

म्हणून माझा प्रस्ताव असा. आपलं सभागृह रविवारी सकाळी नऊ ते दहा रिकामं असतं. तो एक तास मुलांच्या इंग्रजी खेळांना द्यावा. खर्चाचा अंदाज मी काढला आहे. जुन्या लग्नपत्रिका कापल्या की कार्डं होतात. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांतून चित्रं मिळतात. खुर्च्या सोसायटीच्या आहेतच. एक शिट्टी, एक आरसा आणि स्केचपेनचा डबा एवढंच विकत घ्यावं लागेल, आणि तो खर्च माझ्याकडून. शिकवायला मोठे पंडित नकोत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत, पदवीधर सुना आहेत. आणि माझ्यासारखे आजोबा "शिवाजी म्हणतो" घेऊ शकतात. गुडघे दुखले तर बसून घेऊ.

यात एक अट मात्र घालावी, असं मला वाटतं. मागच्या सभेत एका सभासदाने मुद्दा मांडला होता की सभागृह फक्त सभासदांच्या मुलांसाठी असावं. त्यांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने समजतं. पण विचार करा, हे अंकुशनगर उभं राहिलं ते कशावर? कै. अंकुशराव टोपे यांचं नाव लागलेलं हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वसलं. त्यात शेतकऱ्याचा ऊस आहे आणि ऊसतोड कामगाराचा कोयताही आहे. गळिताच्या हंगामात त्यांची मुलं फडावर, कोप्यांत येऊन राहतात. शाळा अर्धवट, भाषा अर्धवट. आपल्या घरकाम करणाऱ्या मावशींची, रखवालदाराची मुलं तर वर्षभर गेटपाशीच असतात. इंग्रजी मीडियमची फी भरणारी आपली मुलं कुठून तरी शिकतीलच. ज्यांना दुसरीकडून काही मिळणार नाही, त्यांच्यासाठी हा तास असला पाहिजे. आणि खेळाचं तर गणितच वेगळं आहे. कर्ज दिलं तर बँकेचे पैसे कमी होतात, पण खेळात गडी वाढले की खेळ चांगला होतो. फ्रूट बास्केट सहा जणांत रंगत नाही, वीस जणांत रंगतं.

त्या परत आलेल्या मुलाबद्दल मघाशी बोललो. त्याला लहानपणी आठवड्यातून एक तास असा मिळाला असता, जिथे चुकलं तरी चालतं, तर त्या वर्गात त्याने हात वर केला असता असं मला मनापासून वाटतं. पुढचा असा मुलगा कदाचित आत्ता या सतरंजीवरच बसला असेल. त्याचं पुढचं सगळं एका प्रश्नावर अडून राहू नये, एवढंच माझं मागणं आहे.

सचिवांना विनंती, हा प्रस्ताव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. आणि बालमित्रांनो, प्रस्ताव मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही. आजपासून संध्याकाळी भेंड्या इंग्रजीत खेळून बघा. "एक्स"वर अडकलात तर माझ्याकडे या, मी "झायलोफोन" सांगेन. त्याच्या पुढचा शब्द तुम्ही शोधा.

 सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा देऊन थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.